मला मिळालं ते सलाईनचं पाणी

थंडी सरत आली होती. जळगावच्या एका हॉस्पिटलात डॉक्टरांनी कॉम्प्युटरकडे बघत मला सांगितलं, "तुम्हाला पाणी मिळालं होतं." आधी मला हसूच आलं...

कशाचं पाणी, ते सांगते. मी एसटीत कंडक्टर आहे, धुळे-साक्री-पिंपळनेर ही माझी गाडी. धाकटीच्या वेळी बाळंतपणात माझा शौचाच्या जागेचा स्नायू फाटला. टाके घातले, पण तो नीट जुळलाच नाही. तेव्हापासून शौचावर ताबा राहिला नाही. घाई झाली की थांबवता येत नव्हतं... कधी कधी तर झाल्यावरच कळायचं.

एकदा कुसुंब्याच्या पुढे भरल्या गाडीत तसंच झालं. मी मागच्या सीटवर जाऊन बसले ती साक्री येईपर्यंत उठले नाही. त्यानंतर साहेबांना विनंती करून डेपोतलं काम मागून घेतलं. तिकिटाचं मशीन हातातून गेलं, रोजची माणसं गेली. फार एकटं वाटायचं.

धुळ्याच्या माझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरांनी सांगितलं, जळगावला यावरच्या एका नव्या उपचाराची चाचणी चालू आहे. मांडीच्या स्नायूचा छोटासा तुकडा काढतात, त्यातल्या मूळ पेशी लॅबमध्ये वाढवतात आणि इंजेक्शनने फाटलेल्या स्नायूत सोडतात. तिथे त्या रुजल्या तर स्नायूला बळ यावं, अशी आशा. खात्री कुणालाच नाही, म्हणूनच तर चाचणी.

जळगावच्या डॉक्टर पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलल्या. "काही जणांना पेशी देऊ, काही जणांना नुसतं सलाईनचं पाणी. कुणाला काय दिलं, हे शेवटपर्यंत मलाही कळणार नाही. चालेल?"

माझा नवरा सुनील म्हणाला, "म्हणजे मांडी कापून घ्यायची आणि मिळणार पाणी?"

"मिळू शकतं," त्या म्हणाल्या. "पण ज्यांना पाणी मिळेल त्यांना शेवटी पेशी देऊ. त्यांच्याच, जपून ठेवलेल्या." मी हो म्हटलं.

तिथल्या बाकावर अक्का भेटल्या. दोंडाईच्याच्या, मिरचीचे देठ खुडायच्या कामाला जाणाऱ्या, माझ्या आईच्या वयाच्या. बराच वेळ माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "तुले बी तेच शे का व माय?"

मी मान हलवली. नवरा आणि डॉक्टर सोडून हे मी पहिल्यांदाच कुणाजवळ कबूल करत होते. आमची इंजेक्शनं एकाच दिवशी झाली. आम्हा सगळ्यांना तो स्नायू आवळायचा व्यायामही शिकवला, खाण्यापिण्याचं सांगितलं. अक्कांशी फोन सुरू झाले ते तेव्हापासून.

काही महिन्यांत मला फरक जाणवायला लागला. संडास गाठेपर्यंत थांबवता यायला लागलं. पेशी रुजल्या याची मला खात्रीच पटली... सुनीलने तर घरी पेढे आणले.

अक्कांना मात्र काहीच फरक नव्हता. एक दिवस फोनवर म्हणाल्या, "मी आते येवाव नही. मन्हा आंगमा पानीच सोडेल व्हई."

"असू दे ना पाणी! मग शेवटी पेशी मिळतील तुम्हाला. सोडू नका, अक्का," मी म्हटलं. त्या चाचणीत राहिल्या, माझ्या शब्दावर राहिल्या.

आणि चाचणी संपली त्या दिवशी कळलं की पाणी मला मिळालं होतं. "मग मी बरी कशाने झाले?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "व्यायाम नेमाने केलात. स्नायू जेवढा शाबूत होता त्याला बळ आलं. आणि मनाच्या उभारीचाही वाटा असतो. पेशींनी नेमकं काय केलं ते कळायला पाणी द्यावंच लागतं."

बाहेर आले तर अक्का बाकावर बसलेल्या. त्यांना पेशी मिळाल्या होत्या. मी शेजारी बसले आणि मला पाणी मिळालं होतं, डॉक्टर व्यायामाचं म्हणाल्या, ते सांगितलं.

"मंग आते माले काय भेटी?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच लागलं. मी नुसता त्यांचा हात धरला.

मग त्या म्हणाल्या, "तू तो व्यायाम कसा करस, माले दखाड बरं."

आता हा व्यायाम दाखवणार कसा? सगळा आतल्या आत! मी कानात सांगत गेले. अक्कांनी गाल फुगवले, श्वास कोंडला, पोट आत ओढलं... इतके महिने त्या पोटच आवळत होत्या! लाजेपायी कुणाला परत विचारलंच नव्हतं. मला हसू फुटलं, मग त्यांनाही. मी त्यांना तशीच हाताला धरून व्यायाम शिकवणाऱ्या ताईंकडे घेऊन गेले. ताईंनी दार लावलं आणि पहिल्यापासून शिकवलं.

माझ्या पेशींचं इंजेक्शन आता झालंय. त्याने आणखी किती फरक पडतो ते बघू. मी पिंपळनेरच्या गाडीवर परत रुजू झाले आहे. अजूनही एखादा दिवस वाईट जातो.

अक्काही पूर्ण बऱ्या नाहीत. पेशींचा गुण की व्यायामाचा, हे डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. पण परवा त्यांचा फोन आला. पूर्वी कुठे लग्नाला जायचं तर त्या आदल्या दिवसापासून खायच्या नाहीत. या वेळी भाच्याच्या लग्नात पंगतीला बसल्या, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी.

"दोनदाव वाढी लिधं," म्हणाल्या.

गाडी स्टँडवर उभी होती, ड्रायव्हरभाऊ हॉर्न देत होते... आणि मी फोन कानाला लावून हसत उभी होते. अक्का, पहिल्या दिवशी बाकावर तुम्ही आधी बोललात, त्याबद्दल तुमचे फार उपकार.