जांभळ्या रेघेची ट्यूब

वंदना गेल्याची बातमी मला प्रभाकररावांकडून कळली, याचा राग अजून गेलेला नाही. कतारमध्ये, लुसैलच्या ऑफिसात मीटिंग चालू होती, टेबलावर पालथा ठेवलेला फोन थरथरला आणि मी कोपरा उचलून पाहिलं. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर अध्यक्षांचा मेसेज होता, 'आपल्या सर्वांच्या लाडक्या वंदनावहिनी अनंतात विलीन', आणि खाली जोडलेल्या हातांची भलीमोठी रांग. मी फोन पुन्हा पालथा घातला आणि समोरच्या पडद्याकडे बघत बसले. तेव्हा त्या माणसावर रागवायचं मला काही कारण नव्हतं, तरी पहिल्यांदा राग आला तो त्याचाच. पुढे कारणही मिळालं. ते सांगण्यासाठीच हा लेख लिहिते आहे, पण आधी वंदनाबद्दल सांगायला हवं, नाहीतर तिच्याच लेखात ती मागं राहील.

आमची ओळख अल मन्सूराच्या एका वाणसामानाच्या दुकानात झाली. ती गाजरं निवडत होती, एकेक हातात घेऊन, सासू सून बघते तशी. मी सहज विचारलं, "हलव्याला का?" ती म्हणाली, "नाही, रातकिड्यांना." मी दचकले तशी शांतपणे म्हणाली, "रातकिडे गाजर खातात, आणि आमचा तात्या रातकिडे खातो. उपाशी किडा खाऊन कुणाचं भलं झालंय?" नाशिकच्या शाळेत वीस-बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेली बाई ती, अल खोरला आल्यावर शाळा सुटली पण शिकवणं सुटलं नाही. नवरा श्रीकांत समुद्रातल्या रिगवर, महिना तिकडे, महिना घरी. लेक इरा शिकायला परदेशी गेली आणि हट्टानं आणलेला शॅमेलिऑन, म्हणजे आपला घोयरा सरडा, आईच्या गळ्यात टाकून गेली. तोच हा तात्या. व्हिडिओ कॉलवर वंदना तात्याचं वजन, जेवण, रंग असा सविस्तर अहवाल द्यायची, तेव्हा इरा हसून म्हणायची, "आई, ही इज नॉट युवर स्टुडंट." यावर वंदनाचं उत्तर ठरलेलं असे. "विद्यार्थी असता तर एवढा लक्ष देऊन ऐकत बसला नसता."

तात्या खरंच ऐकल्यासारखा बसायचा. डोक्यावर उंच तुरा, एक डोळा वंदनाकडे, दुसरा दाराकडे, पेन्शनीतल्या हेडक्लार्कसारखा. पिंजऱ्याच्या जाळीवर एक दोन फुटी ट्यूब असे आणि त्या घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल मान तिला होता. थंडीत वंदना तात्याला अंगणातल्या लिंबाच्या कुंडीवर ऊन खायला सोडायची. पण उन्हाळ्यात इथं माणूस बाहेर टिकत नाही तर सरडा काय टिकणार, आणि खिडकीच्या काचेतून जे येतं ते नुसतं उजेडाचं ऊन, हाडांच्या कामाचं नाही. हाडांना लागणारं ऊन त्याला ट्यूबच देई. मी एकदा पाहिलं, तर ती लख्ख पेटलेली ट्यूब काढून नवी बसवत होती. माझ्यातली मध्यमवर्गीय बाई कळवळली. "अगं, चांगली चालू आहे की." तिनं मला स्टुलावरूनच शिकवणी दिली. "सहा महिन्यांत हिच्यातलं ऊन आटतं. उजेड तसाच राहतो, म्हणून माणूस फसतो. पेटणं वेगळं, पोसणं वेगळं." मग तिनं नव्या ट्यूबच्या टोकाला आपल्या नेलपॉलिशची एक रेघ ओढली. दर खेपेला वेगळा रंग. जुन्या ट्यूबा दिसायला नव्यासारख्याच, म्हणून ही खूण. त्या कचऱ्यात टाकायच्या नसतात म्हणून कपाटात साठवून ठेवलेल्या असत.

मग तिचं दुखणं निघालं. ऑपरेशन आणि पुढचे उपचार नाशिकला करायचं ठरलं, श्रीकांत आपल्या सुटीचे महिने तिकडे काढणार होता, म्हणजे अल खोरचं घर बंद. प्रश्न तात्याचा होता. शेजारच्या व्हिलात प्रभाकरराव, मंडळाचे अध्यक्ष, हातात नेहमी कसली तरी जबाबदारी घेतलेले. ते आपणहून म्हणाले, "वहिनी, पिंजरा आमच्याकडे आणा. शेजारधर्म आहे." निघायच्या आदल्या दुपारी मी तिच्याकडे होते. पिंजऱ्यावरच्या ट्यूबवर लाल रेघ होती, आणि ती बदलायची वेळ श्रावणात येणार होती. वंदनानं कोरी ट्यूब खोक्यातून काढली, तिच्यावर जांभळी रेघ ओढली आणि त्याच बाटलीनं आपली नखं रंगवायला बसली. मी म्हटलं, "ऑपरेशनला चाललीयेस, लग्नाला नाही." ती म्हणाली, "सर्जनसमोर बेशुद्ध पडायचं, तर निदान नखं तरी बरी असू देत." मग माझाही हात ओढून घेतला आणि दहाही बोटं जांभळी केली, बाटली माझ्या पर्समध्ये टाकली. "आल्यावर परत दे." संध्याकाळी आम्ही दोघी पिंजरा, खाऊ आणि ती ट्यूब घेऊन प्रभाकररावांकडे गेलो. विसरू नये म्हणून तिनं त्यांना पंचांगातला दिवस दिला. "नागपंचमीला बदला. दिवसही त्यांच्याच गोतावळ्यातला आहे." ते खूप हसले होते.

ऑपरेशननंतर तिचा पहिला फोन आला तो नखांची तक्रार करायला. बोटाला मशीन लावायचं म्हणून नर्सनं सगळा रंग पुसला होता. दुसरा प्रश्न तात्याचा. नागपंचमी झाल्यावर तिनं प्रभाकररावांना फोन केला, मीही त्या कॉलवर होते. "बदलली ना ट्यूब?" "बदलली हो, वहिनी. तात्याला दूधसुद्धा दाखवलं." वंदना इतकी हसली की टाके दुखले म्हणाली. पुढे गणपती आले. मंडळाचा गणपती प्रभाकररावांच्या हॉलमध्ये बसतो, आणि मखराला लागून मांडी घालून ते रोज अथर्वशीर्ष म्हणतात. त्या वर्षी त्यांचे डोळे लाल होऊन चुरचुरत होते, पाणी थांबत नव्हतं. धुपाचा त्रास म्हणाले. वंदनानं नाशिकहून त्यांना डोळ्यांत घालायचे थेंब सांगितले... हे आठवलं की मला आजही दात ओठ खावेसे वाटतात.

दसऱ्याच्या सुमारास ती परतली, डोक्याला रुमाल बांधून. पिंजऱ्याचं दार उघडलं तेव्हा तात्या फांदीवर नव्हता, तळाशी होता. पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेले, पकड गेलेली, जबडा मऊ. डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला, हाडं सावलीसारखी पुसट दिसत होती. ऊन मिळालं नाही, एवढंच ते म्हणाले. वंदनानं घरी येऊन ट्यूब पाहिली. टोकाला लाल रेघ. तिनं प्रभाकररावांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही दिलीत तीच बसवली, जुनी टाकून दिली. लाल-जांभळं मला काय कळतंय?" तिनं कपाट उपसलं, जांभळी कुठंच नव्हती. मी सांगत होते, अगं, माझ्यासमोर जांभळी दिली आहेस. पण तिनं डोक्याला हात लावला. "त्या दिवशी मी शुद्धीवर होते कुठं? नवी तेव्हाच पिंजऱ्यावर चढवली असेन आणि काढलेली लाल यांना दिली असेन. माझ्याच हातून गेला गं तात्या." तो अजून गेला नव्हता. आठवड्याभरात गेला. लिंबाच्या कुंडीपाशी त्याला पुरताना प्रभाकरराव आले होते, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. औषधांनी विसरायला होतं माणसाला."

लावून कसं घेणार नाही? तिथून पुढे ही बाई स्वतःवर विश्वास ठेवीना. गॅस बंद केला का, तीनतीनदा बघायची. औषधांच्या गोळ्या माझ्याकडून मोजून घ्यायची. जिनं वर्गभर पोरांना सूक्ष्मदर्शकात डोकं घालून बघायला शिकवलं, ती मला फोन करून विचारी, आज वार कोणता आहे, नक्की सांग. दुखणं उलटलं तेव्हा दोह्याच्या हॉस्पिटलात शेवटच्या भेटीत तिनं पुन्हा तोच विषय काढला. मी पुन्हा म्हटलं, तू जांभळीच दिली होतीस. ती हसली, आणि म्हणाली, "तू चांगली आहेस म्हणून म्हणतेस." ही समजूत घेऊनच ती गेली. तिला नाशिकला नेलं, आणि इथं अल खोरला शोकसभा झाली. प्रभाकरराव दहा मिनिटं बोलले. भर सभेत म्हणाले की शेवटी वहिनींना काही आठवत नसे, बिचारा सरडाही त्यातच गेला. लोकांनी चुकचुक केलं. सभा संपल्यावर ते माझ्याजवळ आले. "ताई, तुम्ही छान लिहिता. वहिनींवर वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहा. शेजारी म्हणून आमचाही उल्लेख येऊ द्या."

लिहायला बसत नव्हते. मग यंदाच्या गणपतीची तयारी म्हणून आम्ही चार जणी प्रभाकररावांच्या स्टोअररूममधून मखराचं सामान काढायला गेलो. थर्माकोलच्या महिरपीमागे ट्यूबची पट्टी तारेनं बांधलेली होती. मी ती सोडवत होते आणि ट्यूबच्या टोकाशी बोट अडकलं. जांभळी रेघ. तिथंच बसले. माझ्या नखांवरचा रंग कधीच उडून गेला होता, हा तस्सा होता.

"प्रभाकरराव, ही ट्यूब कुठली?"

"कुठली म्हणजे? मखराची."

"हिला नेलपॉलिश लागलंय."

त्यांनी वाकून रेघ पाहिली. मग आवाज उतरवून म्हणाले, "अहो, पिंजऱ्यातली लख्ख पेटत होती हो. चालू ट्यूब काढून नवी लावायची, पटेना मनाला. इकडे मखरातली ऐनवेळी गेली. बाप्पाच्या कामी आली, असं समजा."

"मग वंदनाला हे का नाही सांगितलंत?"

"त्या आजारी होत्या. कशाला त्रास द्यायचा? आता खलास करा विषय, ताई. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

चालू ट्यूब न बदलणं मी समजू शकते, माझाही जीव कळवळलाच होता. पण एका बाईला तिचंच डोकं फिरलंय असं पटवायचं, खांद्यावर हात ठेवून तिलाच धीर द्यायचा, आणि वर तिच्या शोकसभेत तीच कहाणी वाटायची... अशा माणसाला सरडा म्हणायची आपल्यात पद्धत आहे. मी म्हणणार नाही, तात्याचा अपमान होईल. डोळे चुरचुरले होते ते धुपानं नव्हते, प्रभाकरराव. तात्याच्या वाटणीचं ऊन तुम्ही दहा दिवस डोळ्यांत घेत होतात. ते डोळे लवकर बरे झाले याचं मला मनापासून वाईट वाटतं. मोठ्या मनानं माफ करावं असं श्रीकांत म्हणतो. त्यानं करावं. माझं मन तेवढं मोठं नाही, आणि वंदनाचंही नव्हतं, तिला कळलं असतं तर तिनं तुम्हाला मंडळासमोर बाकावर उभं केलं असतं.

ही पुरवणी प्रभाकरराव दर आठवड्याला मोबाइलवर मोठ्यानं वाचून बायकोला ऐकवतात. मंडळातही सगळे वाचतात. तेव्हा सगळ्यांनी ऐकावं. वंदनानं योग्य ट्यूब, योग्य माणूस समजून, योग्य दिवस सांगून दिली होती. तिचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. प्रभाकरराव, तुमचा उल्लेख राहिला नाही ना?

ट्यूब आता माझ्याकडे आहे, बैठकीच्या खोलीत, वंदना बसायची त्या खुर्चीला टेकवून. सजावट यंदा माझ्याकडे आहे आणि ती काढून घ्यायची तर अध्यक्षांना कारण सांगावं लागेल. ही ट्यूब मी मखराच्या पुढच्या खांबाला बांधणार आहे, न पेटवता, रेघ लोकांकडे करून. आरतीचं ताट घेऊन अध्यक्ष नेहमीप्रमाणे सगळ्यांत पुढे उभे राहतील, आणि मागचे सगळे गणपतीआधी तिच्याकडे बघतील. बाटली माझ्या पर्समध्येच राहिली होती. रंग घट्ट झाला होता, थोडं थिनर घालून हलवला, परवा त्या रेघेवरून आणखी एक हात फिरवला आणि उरलेल्यात माझी दहाही नखं रंगवली.