भीमेतलं ओझं

"टाका, समदं पाण्यात टाका!" आप्पा ओरडत होते. मांडवगण फराट्याहून दौंडकडच्या काठाला निघालेल्या आमच्या होडीत भर नदीत पाणी शिरलं होतं. त्या दिवशी भीमा अशी फुगली होती की ढगांचे पाय भिजावेत.

"आप्पा, माझा कांदा हाय त्यो," असं मी म्हणेपर्यंत म्हशीएवढाली पोती तळाला गेली. मागोमाग सरपंचाची राजदूत फटफटी.

आप्पा मला रोज चहाच्या टपरीवर भेटायचे. बाकावर जाड माणसाला हाताला धरून मधे बसवायचे, मगच स्वतः कडेला टेकायचे. बोलायचे एकाच विमानाबद्दल. आधी त्यातून पैसेवाले प्रवासी पडदे ओढून झोपत जायचे. लढाई लागली तशा खुर्च्या उपटून त्यात रेशन भरलं. जाताना रेशन, येताना जखमी जवान, आणि ओझं सांभाळायला आप्पा. तालुक्यातला अव्वल थापाड्या मी, म्हणून ही थाप मला फार आवडायची.

होडी काठाला लागली. माणूस एकही गेला नाही, तरी सरपंच गाडीसाठी रडत होता. आप्पा शांतपणे धोतर पिळत होते.

मी चिडवलं, "विमानातनं बी असंच टाकलं व्हतं का?"

"व्हय. येताना डोंगरावर एक इंजिन बंद पडलं तवा."

"मग तितं कुणाचा कांदा गेला?"

"पोरं टाकली."

माझं हसू तोंडातच वाळलं. "कोणती पोरं, आप्पा?"

"मेलेली. जखमी पोचवायची व्हती."