पिशी म्हणजे आत्या

आमची कुसुमआत्या सासरी परत गेलीच नव्हती. आम्ही सगळे खोटं बोललो.

आज तिला जाऊन साठच्या वर वर्षं झाली. तिचा एकही फोटो नाही, म्हणून नुसतंच लिहितेय. मी ऐंशी ओलांडली. आता कुणाला भ्यायचंय?

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. माझ्या वडिलांची, म्हणजे नानांची, कलकत्त्याला ट्रान्सफर झाली. बागबाजारात भाड्याचं घर. नाना, आई, आठ वर्षांची मी आणि नानांची धाकटी बहीण कुसुमआत्या.

आत्या एकटीच बोलत बसायची. कधी दोन-दोन दिवस जेवायची नाही. सासरच्यांनी आणून सोडली होती.

नाना म्हणाले, "कलकत्त्यात आपल्याला कोण ओळखतंय? तिथं निभेल."

आणि खरंच निभत होतं हो!

दुपारी ती दारासमोरच्या ओट्यावर सागरगोटे खेळायची. गल्लीतल्या पोरी कोंडाळं करून बसायच्या. काय हात होता तिचा! पाचही वर, पाचही मुठीत. हसायचीसुद्धा. जेवायला लागली होती.

पोरींनी मला विचारलं, ही तुझी कोण? शाळेत जाऊन मला बंगाली यायला लागलं होतं. म्हटलं, पिशी. बंगालीत आत्याला पिशी म्हणतात.

झालं! ती सगळ्यांचीच पिशी झाली.

एके दिवशी नाना ऑफिसमधून लवकर आले. गल्लीच्या तोंडाशीच त्यांना ऐकू आलं, "ओ पिशी! पिशी!"

नानांना तेव्हा बंगालीचं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना ऐकू आली ती आपली मराठीतली पिशी. वेडीपिशीतली.

आत्याला दंडाला धरून आत नेलं आणि मला विचारलं, "ह्या पोरींना कुणी सांगितलं?"

"मी!" मी ऐटीत म्हटलं.

अशी सणसणीत बसली की कान वाजायला लागला.

संध्याकाळी ते आईला सांगत होते, "अख्खी गल्ली तिला पिशी म्हणतेय." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

एका वाक्याचं काम होतं. पण मी फुगून बसले होते. उगाच मारलं ना मला? मग नाही सांगत, जा!

त्याच आठवड्यात नानांनी तिला लांबच्या एका वेड्यांच्या इस्पितळात नेलं.

निघताना आत्या म्हणाली, "दादा, मी ओट्यावर नाही बसणार. आत बसेन. नको ना नेऊस."

तरी मी गप्प. आता नानांची भीती वाटत होती.

सगळ्यांना सांगितलं, सासरी गेली.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "आत्या किती गं तुला?"

म्हटलं, "नाही मला आत्या."

तेव्हा ती जिवंत होती हो. पुढच्या वर्षी इस्पितळातून तार आली.

नाना पार थकले, तेव्हा एकदा मीच धीर करून म्हटलं, "नाना, पिशी म्हणजे आत्या."

"ठाऊक आहे मला," नाना म्हणाले. "दोनच महिन्यांत कळलं होतं. ऑफिसातला एक जण पिशीच्या लग्नाला म्हणून रजा मागत होता."

"मग आणलं का नाही तिला?"

"सासरी गेली म्हणून सांगून बसलो होतो ना. परत आणून लोकांना काय सांगणार होतो?"

मला इतका राग आला त्यांचा! पण कोणत्या तोंडाने भांडणार?

आणि समजा, पोरी खरंच वेडी म्हणत असत्या, तरी काय बिघडलं असतं? त्या रोज येऊन बसत होत्या तिच्याजवळ. लाज आम्हालाच वाटत होती.

तर आता सगळ्यांसमोर सांगते. मला एक आत्या होती. कुसुम तिचं नाव. ती आजारी होती.

माफ कर गं पिशी.

आता बस ओट्यावर. कुणी आत नेणार नाही.