गेटवर कोमेजलेली मेथी
कोमेजलेल्या मेथीचा वास आला की मला आमच्या सोसायटीचं गेट आठवतं. तेव्हा मी अँड्रॉइडऐवजी लिनक्सवर चालणारा फोन वापरायचो आणि ऑफिसात, गावी वडिलांनाही ऐकवायचो की या फोनचा मालक मी आहे, कुठली कंपनी नाही. पाहुण्यांना आत सोडायचं सोसायटीचं ॲप त्यावर चालत नव्हतं, आणि स्क्रीन बंद झाली की कधीकधी रिंगही वाजायची नाही. इंटरकॉम तर ॲप आल्यावर सोसायटीने काढूनच टाकला होता. एका रविवारी वडील न कळवता लोणी काळभोरहून मेथीच्या जुड्या घेऊन आले. वॉचमन म्हणाला, "काका, ॲपवर होकार आल्याशिवाय सोडता येत नाही." त्यांनी मला बरेच फोन केले. मी वर लॅपटॉपवर त्याच फोनचं कौतुक लिहीत बसलो होतो. दोन तासांनी मिस्ड कॉल दिसले म्हणून खाली उतरलो, तर ते उन्हात प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी घेऊन बसलेले. मी फोनची अडचण समजावू लागलो. "मालक तूच हाईस न्हवं त्याचा? मग झालं," एवढंच म्हणाले, पिशवी माझ्या हातात दिली आणि बस धरायला निघून गेले. आता माझा फोन चारचौघांसारखा आहे. कोण आलंय, सोडू का, असं ॲप दिवसातून दहादा विचारतं. वडिलांसाठी अजून एकदाही विचारलेलं नाही.