लतिकाताईंच्या वाट्याचा चहा

लतिकाताई भाजी घ्यायला गेल्या तरी भाजीवालीचं माहेर विचारून येत. लुडविग्सहाफेनमध्ये त्यांनी एकोणतीस वर्षं काढली ती अशीच, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये चौकशा करत. पुढे त्यांचे यजमान जयंतराव गेले आणि दोन वर्षं त्या गप्पगप्पच राहिल्या. मग मुलानं, कपिलनं, यूनशी लग्न ठरवलं. लग्न हॅनोव्हरला, चिनी पद्धतीनं. लतिकाताईंना पुन्हा प्रश्न फुटले.

आदल्या दिवशी त्या यूनच्या आईच्या, मिसेस शूंच्या, स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. दोघींची जर्मन सारखीच कच्ची, त्यामुळे कोणाला संकोच नव्हता.

"मासा अख्खाच का वाढायचा?"

"डोकं-शेपटी दोन्ही हवं. संसाराची सुरुवात चांगली, शेवटही चांगला."

"आणि उद्या सकाळी?"

"यूनच्या मैत्रिणी दार अडवणार. तुमच्या कपिलला कच्चं कारलं खायला लावणार."

"आमच्याकडे नवऱ्याचे जोडे पळवतात."

"जोडे? मग तो घरी कसा जातो?" आता मिसेस शूंची चौकशी सुरू झाली.

हसणं ओसरल्यावर लतिकाताईंनी विचारलं, "आज रात्रीच्या विधीत यूनचे केस कोण विंचरणार?"

"माझी बहीण. विंचरणाऱ्या बाईचा नवरा हयात लागतो, मुलं लागतात. तरच शुभ."

लतिकाताईंनी निघायला पर्स उचलली. म्हणजे सवाष्ण इथंही लागत होती.

दुसऱ्या दिवशी कपिल कारलं चावून नवरीला हॅनोव्हरमधल्याच आपल्या घरी घेऊन आला; पाठोपाठ मिसेस शूही आल्या. हॉलमध्ये दोन खुर्च्या मांडल्या होत्या. नवी सून गुडघे टेकून सासू-सासऱ्यांना चहा देते आणि पहिल्यांदा आई-बाबा म्हणते, हे लतिकाताईंना एव्हाना पाठ होतं. त्या चहासाठी जीव नुसता आसुसला होता. पण त्या स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या.

"आई, कोम, ये ना. सगळे थांबलेत," कपिल म्हणाला.

"श्रीनाथकाका नि शोभनाकाकूला बसव. पुण्याहून एवढे आलेत."

"वारुम? काकू कशाला?"

"बसव म्हणते ना. मी इथून बघते."

मिसेस शूंना मराठी कळलं नाही, पण कपिलचा चेहरा कळला. त्या उठून आल्या.

"पाय दुखतायत?"

"नाही. माझा नवरा नाही. काल तुम्हीच म्हणालात, नवरा हयात लागतो."

"ते केस विंचरायला." मिसेस शूंनी त्यांचं मनगट धरलं. "चहाला मुलाची आई लागते. आता दुसरी कुठून आणू?"

आणि त्यांनी लतिकाताईंना हाताला धरून खुर्चीत बसवलं.

यूननं गुडघे टेकले, दोन्ही हातांनी पेला पुढे केला आणि पाठ केलेलं मराठी जपून म्हटलं, "आई, चहा घ्या." मग दुसरा पेला तिनं रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला.

लतिकाताईंनी आपला चहा घोटाघोटानं संपवला. शेजारच्या पेल्यातून वाफ येत होती. कपिल तो उचलायला वाकला, तशी त्यांनी त्याचा हात अडवला.

"राहू दे थोडा वेळ," त्या म्हणाल्या. "त्यांना कढत चालायचा नाही."