दोन ट्यूनरचं कार्ड
घड्याळजी भिंग शर्टाच्या टोकाला पुसत, काम करताना स्वतःशीच पुटपुटत आणि साडूचं नाव निघालं की नाक मुरडत. साडूच्या कॉम्प्युटरवर डिजिटल टीव्ही दिसू लागला, तशी बायको रोज संध्याकाळी बहिणीकडे जाऊ लागली. घड्याळजींच्या पोटात दुखू लागलं. चार दुकानं पालथी घालून त्यांनी आपल्या कॉम्प्युटरसाठी दोन ट्यूनरचं टीव्ही कार्ड निवडलं. एक कार्यक्रम बघताना दुसरा रेकॉर्ड करता येणारं.

"साडूच्या कार्डाला एकच ट्यूनर आहे," कार्ड बसवताना ते म्हणाले. "आता घरीच बस."

"अहो, टीव्ही बघायला कोण जातंय? मी गेले की भावजी तो बंद करतात आणि माझ्याशी गप्पा मारतात."

घड्याळजींनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. कार्ड अर्धवट खोचलेलं, कॉम्प्युटर उघडा, सगळं तसंच राहिलं.