धान कुठी ठेवता?

कुणी दुकानात येऊन "बाई, सगळ्यात भारी राऊटर दाखवा" म्हटलं, की बाई डब्यांच्या चळतीवर पंजा ठेवायच्या आणि विचारायच्या, "धान कुठी ठेवता?"

वायफायचा आणि धानाचा काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पहिल्या दिवशी तर वाटलं, आपण एका येड्या बाईच्या दुकानात नोकरीला लागलो.

मी सांगोल्याकडचा. शाळा आठवीत सुटली. जमिनीखालून केबल टाकणाऱ्या टोळीबरोबर ब्रह्मपुरीला आलो. तिथं तापानं आडवा झालो आणि टोळी पुढं निघून गेली. केबलसाठी दुकानासमोर खणताना बाईंनी मला पाहिलं होतं, तेवढी ओळख. बरा झाल्यावर कामाला ठेवलं. "शिकला किती?" म्हणाल्या. मी म्हटलं, "दहावी पास." म्हटलं खरं, पण तेव्हापासून त्या ड्रॉवर उघडायच्या तेव्हा मी काहीतरी काम काढून बाहेर सटकायचो. आता ही बाई मार्कशीट मागणार.

गिऱ्हाईकाला त्या गिऱ्हाईक मानतच नसत. एकानं चार अँटेनांचा मागितला. "चार शिंगाचा द्या बाई, शेजाऱ्याकडं तीनचा हाये."

"बैल का शिंगं मोजून घेतला होता?"

दुसऱ्यानं चोरीच्या भीतीनं राऊटर लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवला आणि नेट येत नाही म्हणून भांडायला आला. बाई शांतपणे म्हणाल्या, "मंग चाबी वायफायजवळच देऊन ठेवा ना. जाईल-येईल बिचारं." कुणी देवघरात ठेवला, तर "देवाले कोणता व्हिडिओ पाहाचा हाये?" कुणी विणलेल्या रुमालाखाली, तर "कोंबडी हाये का झाकाले?"

लोक चिडायचे, हसायचे आणि राऊटर त्यांच्याकडूनच न्यायचे. कारण घर मातीचं की विटांचं, कोण कुठल्या खोलीत बसतं, आणि मळणीनंतर पोती कुठं रचता, हे विचारूनच त्या डबा काढायच्या. पावसाळ्यात छान चालणारा वायफाय मळणीनंतर मुका होतो, हे कुठल्या डब्यावर छापलेलं नसतं. मधल्या खोलीत छताला भिडेल एवढं धान रचलं, की पलीकडं काही पोचत नाही.

मला त्यांनी पहिल्या आठवड्यातच बजावलं होतं, "न विचारता डबा विकला, तर दुसऱ्या दिवशी येऊ नको."

आणि मी नेमका तसाच विकला. बाई लग्नाला गेल्या होत्या. कॉलेजातून निवृत्त झालेले एक सर आले. ड्युअल बँड, कव्हरेज, सगळं इंग्रजीत. एवढ्या शिकलेल्या माणसाला धान कुठं ठेवता विचारायचं? मी सगळ्यात महाग डबा काढून दिला आणि मान हलवत राहिलो.

मळणी उरकली आणि सर डबा घेऊन दारात. "खराब माल दिला. मुलगी घरून काम करते. तिची कंपनी म्हणते, परवापर्यंत नेट सुधारलं नाही तर पुण्याला ऑफिसात या. तिची आई अंथरुणाला खिळलेली. सोडून जाईल कशी ती?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "विचारलं होतं, गा?"

"हो," मी म्हणालो.

सर म्हणाले, "काय विचारलं होतं?"

बाई उठल्या. "चला सर, घर पाहून येऊ."

स्कूटी त्या चालवत होत्या. मागं मी, मांडीवर तारेचं वेटोळं आणि बाईंनी घ्यायला लावलेला एक साधा डबा. मनात सांगोल्याची गाडी नागपूरहून किती वाजता मिळेल, याचा हिशोब.

राऊटरची जागा समोरच्या खोलीत, मुलगी मागच्या खोलीत, आणि मधल्या खोलीत पोत्यांची भिंत होती. बाईंनी एका पोत्यावर थाप मारली. "सर, याच्यातून तुम्ही जाल का?"

"पण चार अँटेना आहेत!"

"चाळीस लावा. धानाले काय घेणं?"

मी पोत्यांवर चढलो, आढ्यावरून तार मागं नेली आणि महागाच्या जागी तो दोन शिंगांचा साधा डबा मुलीच्या खोलीत लावला. सर कुरकुरले, समोरच्या खोलीत बातम्या कशा बघायच्या? "पोरीच्या मागं बसून पाहा. नाईतर धान विका." आतून मुलगी ओरडली, "बाबा, आला!" आणि पलंगावरून तिची आई हसल्याचा आवाज आला.

परतीच्या वाटेवर मी स्कूटी थांबवायला लावली. "बाई, मी विचारलं नव्हतं. आणि मी दहावी पण नाही."

"माहीत हाये मले. पहिल्याच दिवशी तू डबा उलटा धरून वाचून राह्यला होता."

"मग ठेवलं कशाला?"

"भेलेला माणूस तार नीट जोडते. पण लाजेपायी विचारतच नाई, तो माह्या कामाचा नाई. दुकानात चाल. सरले फोन लाव. चूक कोणाची होती, तूच सांग."

एवढंच होतं. फोन केला तर नोकरी, नाही तर नागपूरची गाडी.

बाईंना जाऊन आता वर्ष होईल. छातीत दुखायला लागलं, चंद्रपूरला नेईपर्यंत संपलं. दुकान त्यांची मुलगी बघते, राऊटर मी बघतो. गिऱ्हाईक मलाही शिव्या देतं, पण बाईंना दिलेल्या शिव्यांत जी चव होती, ती नाही.

त्यांचं नाव निघालं की मला तो फोन आठवतो. मी काउंटरला धरून उभा, पलीकडं घंटी वाजतेय. माझं बोलणं आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून बाईंनी पंखा मोठा केला आणि माझ्याकडं पाठ करून फडकं घेतलं. मी दोनदा अडखळलो. सर म्हणाले, "अरे, लाजायचं काय त्यात?" आणि पुढंही बरंच बोलत राहिले. तेवढा सगळा वेळ बाई एकच डबा पुसत होत्या.